काकूंची पूर्वेची खिडकी

माझी पहिली इमारत मला आवडत नाही, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. सांगून उपयोगही नाही. तिचा मोठा फोटो आमच्या रिसेप्शनमध्ये लावलाय. नवीन इंटर्न आले की बॉस त्यांना त्या फोटोसमोर उभं करतो आणि जुन्या रस्त्यावर नवीन इमारत कशी उभी करावी, यावर दहा मिनिटं बोलतो. तेवढ्या वेळात मी पाण्याची बाटली भरून येते.

इमारत चार मजल्यांची आहे. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूपासून दोन चौक आत विटांच्या जुन्या इमारतींची एक रांग आहे. खाली दुकानं, वर राहती घरं. साड्यांची, मिठाईची, मोबाइल दुरुस्तीची दुकानं आता आली. विटा शंभरेक वर्षांपूर्वीच्या. त्या रांगेत एक प्लॉट मोकळा होता. मी या देशात येण्याच्या कितीतरी आधी तिथली इमारत कुणीतरी पाडून टाकली होती. गवत, वाकलेलं कुंपण आणि शनिवारी जिलेबी घ्यायला आलेल्यांच्या गाड्या, एवढंच तिथे असायचं. त्या प्लॉटवर काय उभं राहणार, ते कागदावर काढायचं काम माझ्याकडे आलं.

मी नागपूरची. इथे स्टेट कॉलेज नावाच्या गावात मास्टर्स केलं, चौघींनी एका अपार्टमेंटमध्ये राहून, कॅम्पसच्या बसच्या वेळेवर स्वयंपाक करून. मग शिकागोत येऊन नऊ वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने आणि बाथरूम काढले. मधल्या काळात लायसन्सच्या परीक्षा दिल्या. साइटवरच्या बोर्डावर आर्किटेक्ट म्हणून माझं नाव लागेल अशी ही पहिलीच इमारत होती. आई तिकडून दर रविवारी विचारायची, बोर्ड लागला का गं?

तो रस्ता जुनी वस्ती म्हणून नोंदलेला. तिथे काही बांधायचं तर एका समितीपुढे जावं लागतं, शेजाऱ्यांचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि आपली इमारत आजूबाजूच्या जुन्या इमारतींचा मान राखते हे पटवून द्यावं लागतं. त्यात मी तरबेज होते. मी सगळ्या रस्त्याची मापं घेतली. खिडक्यांच्या रांगा कुठल्या उंचीवर आहेत, दोन विटांमधला चुना किती जाड आहे, कठडा किती पुढे आलाय, सगळं वहीत उतरवलं. शिडीवर चढून विटांचा रंग सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा असा नोंदवला. जुन्या पायाला धक्का लागू नये म्हणून शेजारच्या इमारतीपासून एक फूट जागा सोडली. इतका विचार कोण करतं, असं मला स्वतःबद्दल वाटायचं. वाटायचं कसलं, मी ते बोलूनही दाखवायची.

प्लॉटच्या पश्चिमेला जी इमारत होती, तिच्यात साडीच्या दुकानाच्या वर काकू राहायच्या. माझ्या कुणी सख्ख्या नव्हेत. बुद्धजयंतीला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये आमचे लोक जमले होते, तिथे ओळख झाली. मी नागपूरची म्हटल्यावर त्यांनी जय भीम म्हणून माझा हात धरला, आणि घरी जाताना मला बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करून रिटायर झालेल्या. काका जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी बेलव्ह्यूला, एका टेक कंपनीत. ती आईला तिकडे बोलवायची आणि काकू दरवेळी सांगायच्या, माझा कढीपत्ता विमानात बसत नाही.

तो कढीपत्ता त्यांच्या किचनच्या पूर्वेच्या खिडकीत होता. शिकागोच्या थंडीत कढीपत्ता जगवणं ही काय चीज आहे ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. त्यांचा मात्र कमरेएवढा वाढला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला टिश्यूत गुंडाळून चार काड्या मिळायच्या. कुंडीशेजारी खिडकीच्या कट्ट्यावर दीक्षाभूमीहून आणलेली वीतभर उंचीची बुद्धमूर्ती होती. समोर मोकळा प्लॉट, त्यामुळे सकाळी सातला ऊन थेट तिच्यावर यायचं. काकू तिथे उभ्या राहून त्रिसरण पंचशील म्हणायच्या आणि मग त्याच खिडकीशी खुर्ची ओढून चहा प्यायच्या. काका असताना दोन खुर्च्या असायच्या. दुसरी त्यांनी हलवली नव्हती. भाजी निवडणं, फोन, वाचन, दुपारची डुलकी, सगळं तिथेच. तीन खोल्यांच्या घरात त्या खऱ्या अर्थानं त्या खिडकीत राहत होत्या, आणि हे मला चांगलं माहीत होतं. मी कितीदा तरी त्या दुसऱ्या खुर्चीत बसले होते.

ड्रॉइंग तयार झाल्यावर मी शेजाऱ्यांची पत्रं गोळा करायला निघाले. समितीला दाखवायला शेजाऱ्यांची संमती असली की काम सोपं होतं. सगळ्यात आधी मी काकूंकडे गेले. कागद टेबलावर पसरला, चहा झाला, आणि मी म्हटलं, "काकू, या खिडकीसमोर आता भिंत येईल. थोडा उजेड कमी होईल."

थोडा! मी आर्किटेक्ट आहे. एक फुटावर चार मजली भिंत आली की खिडकीत काय उरतं ते मला मोजपट्टीशिवाय सांगता येतं.

काकूंनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "होऊ दे गं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या जागेवरचं ऊन आम्ही फुकट खाल्लं. आता तू बांध. कुठे साइन करू?"

माझ्या घरात मी लहानपणापासून हा सूर ऐकत आले. डब्यात एकच पोळी उरलेली असताना आई म्हणायची की तिला भूकच नाही. मावशीला दवाखान्यात पोचवायला कुणी निघालं की ती म्हणायची, कशाला, मी जाईन रिक्षानं. आमच्या बायकांच्या 'होऊ दे गं'चा अर्थ काय असतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी त्या दिवशी मी ते शब्द एखाद्या परक्या माणसानं ऐकावेत तसे ऐकले, आणि पेन पुढे केलं.

लायब्ररीच्या हॉलमध्ये शेजाऱ्यांची मीटिंग झाली. पार्किंगवरून लोक तापले होते. एका गृहस्थांनी मला विचारलं की या रस्त्याबद्दल तुम्हाला काय माहीत. तेव्हा मागच्या रांगेतून काकू उठल्या. नेव्ही ब्लू कोट, त्याखाली पांढरी साडी. त्या इंग्रजीत म्हणाल्या की मी या प्लॉटच्या शेजारी एकतीस वर्षं राहते, सगळ्यात जास्त फरक मला पडणार आहे, आणि माझी हरकत नाही. ही मुलगी माझ्या गावची आहे, ती जे करेल ते विचार करून करेल. ते गृहस्थ खाली बसले. माझी छाती अभिमानानं भरून आली. त्या वाक्यातला 'सगळ्यात जास्त फरक मला पडणार आहे' हा भाग मला पुढे दोन वर्षांनी ऐकू आला.

समितीपुढे मी एक फोटो दाखवला होता. काकूंच्या इमारतीची प्लॉटकडची भिंत. तिथे पूर्वी चिकटून इमारत होती, त्यामुळे ऊनपाऊस न लागलेल्या तिच्या बहुतेक विटा फिकट राहिल्या होत्या. फक्त मधे, दुकानाच्या उंचीपासून वर गच्चीपर्यंत, आठेक फूट रुंदीचा एक पट्टा काळवंडलेला होता. काकूंची खिडकी बरोबर त्या पट्ट्यात. फिकट विटांमध्ये तो गडद उभा पट्टा इतका देखणा दिसायचा की मी तो माझ्या इमारतीच्या दर्शनी भागात घेतला. समोरून पाहिलं की फिकट विटांमधून गडद विटांचा एक पट्टा वर जातो. जुन्या भिंतीची आठवण, असं मी समितीपुढच्या तक्त्यावर लिहिलं. समितीतल्या एका बाईंनी चष्मा काढून तो फोटो जवळून पाहिला आणि माझी पाठ थोपटली. आजही बॉस त्या पट्ट्यावरच सगळ्यात जास्त बोलतो.

तो पट्टा काळा का पडला होता, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही.

काम सुरू झालं. ऑगस्टमध्ये भिंत दुकानाच्या उंचीपर्यंत आली होती, म्हणजे काकूंच्या खिडकीच्या जेमतेम खाली. बॉसला वरून फोटो हवे होते म्हणून मी सकाळी रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर चढले. मी तो रस्ता वर्षभर मोजला होता, पण खालून. वरून मी तो पहिल्यांदाच बघत होते.

वरून दिसलं की रांगेतली प्रत्येक इमारत दुकानाच्या वरती, एका बाजूला, मध्यावर आत सरकलेली आहे. चार फूट आत, आठ फूट लांब. आणि बरोबर त्याच्या समोर शेजारच्या इमारतीची सपाट भिंत. अरुंद बोळात समोरून कुणी आलं की आपण जरा खांदा चोरतो, तसं. प्रत्येक जोडीच्या मधे उजेडाचा एक चौकोन खाली उतरला होता आणि त्यात कुणाच्या ना कुणाच्या किचनची खिडकी होती. जो नंतर बांधायचा, तो आधीच्याची खिडकी कुठे आहे ते बघून आपली भिंत आत घ्यायचा. सगळ्या रस्त्यावर कुणीही हे चुकवलेलं नव्हतं.

मग मी काकूंच्या भिंतीकडे पाहिलं. पाडलेली इमारतही तिथे आत सरकलेली होती. तेवढ्याच भागाला ऊनपाऊस लागत राहिला, म्हणून तेवढ्याच विटा काळ्या पडल्या. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी त्या खिडकीसाठी जागा सोडली होती, आणि त्याची खूण अख्ख्या भिंतीएवढी मोठी होती. मी तिचं डिझाइन करून समोर लावलं होतं.

मी गच्चीवर खाली बसले. मला स्वतःची इतकी शरम आयुष्यात वाटली नव्हती.

त्याच दिवशी मी बॉसकडे गेले. फोटो दाखवले. तो वाईट माणूस नाही. त्याला लगेच समजलं. पण भिंत आत घ्यायची म्हणजे तीन मजल्यांच्या बेडरूम बदलायच्या, नवीन ड्रॉइंग, पुन्हा समिती, काम बंद. मालक स्वतःहून तयार होणार नाही, असं तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "त्या बाईंनी पत्र दिलंय ना? त्यांनी ते परत घेतलं तर गोष्ट वेगळी. मग समितीच आपल्याला थांबवेल."

तेव्हा मी काकूंकडे पत्र परत मागायला गेले. आठवडाभरात गवंडी त्या खिडकीपर्यंत पोचणार होते. काकू कोथिंबीर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. काळा पट्टा, गच्ची, शेजारच्या इमारती, माझी चूक. दोन ओळींचं पत्र टाइप करून नेलं होतं, तेही पुढे ठेवलं.

त्यांनी ते चष्मा लावून वाचलं. मग विचारलं, "हे दिलं की काय होईल?"

"काम थांबेल. परत हिअरिंग."

"आणि तिथे विचारतील, ही चूक कुणाची?"

मी कागद त्यांच्याकडे आणखी सरकवला.

"बाहेर बोर्ड लागलाय," त्या म्हणाल्या. "मी रोज दुधाला जाताना वाचते. मुलीला फोटो पाठवला, तिनं सगळ्या ग्रुपवर टाकला. पोरी, आपल्यातल्या कितीजणींचं नाव असं रस्त्यावर लागलंय? पहिल्याच बिल्डिंगला स्टॉप वर्क लागलं तर पुढची कोण देईल तुला?"

"पण काकू, तुमची खिडकी..."

"मला समोरची खोली आहे ना. तिकडे पण उजेड येतो. आणि मी चार लोकांत उभी राहून बोललेय. आता फिरवू का शब्द?" त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवली. "कोथिंबीर घेऊन जा. खूप आहे."

खाली उतरताना जिन्यात माझे डोळे भरून आले होते, हे खरं. पण त्याच्याआधी एक क्षण, त्यांनी कागदाची घडी घातली तेव्हा, माझा जीव भांड्यात पडला होता. हेही खरं आहे, आणि हे मी आजवर कुणाला बोलले नाही. समितीला मी स्वतःही लिहू शकले असते. लायसन्स माझं होतं. एक ईमेल. मी ती दोनदा ड्राफ्ट केली आणि दोन्ही वेळा मूग गिळून बसले, काकूंनीच नको म्हटलंय असं स्वतःला समजावत. पुढच्या गुरुवारी भिंत खिडकीच्या वर गेली.

मी जाणं कमी केलं. गेले की काकू नेहमीसारख्याच असायच्या, पण किचनमध्ये सकाळी दिवा लावलेला असायचा. बुद्धमूर्ती त्यांनी समोरच्या खोलीत टीव्हीच्या शेजारी ठेवली होती. त्या खोलीचं तोंड उत्तरेला, रस्त्यावर. उजेड यायचा, ऊन नाही. खुर्च्या मात्र दोन्ही किचनमध्येच होत्या. मी एकदा म्हटलं, "काकू, या पण समोर नेऊन देते." त्या म्हणाल्या, "राहू दे. सवय आहे."

ऑक्टोबरमध्ये त्यांचा फोन आला. "बाहेरच्या भिंतीला लावतात तो पांढरा रंग कुठला चांगला गं? पावसानं जायला नको."

मला वाटलं, मागच्या जिन्याचा कठडा रंगवायचा असेल. मी नाव सांगितलं. थंडी पडायच्या आत लावा, नाहीतर धरणार नाही, हेही सांगितलं. "माणूस पाठवू का?"

"छे, माणूस कशाला. हातभराचंच काम आहे."

ऑफिसात माझं पुढच्या इमारतीचं काम चालू होतं. मी फोन ठेवला आणि विसरले.

डिसेंबरपर्यंत कढीपत्त्याची निम्मी पानं गळाली. काकूंनी कुंडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मला दिली. "तुझ्याकडे ऊन आहे ना? मग ने. इथे मरेल." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. जानेवारीत त्या मुलीकडे बेलव्ह्यूला गेल्या. कढीपत्ता नसल्यामुळे आता जायला काही अडचण उरली नव्हती. मी ओहेअर विमानतळावर त्यांना सोडायला गेले. व्हीलचेअरवर बसताना त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात येते. मूर्ती पुसत जा."

मार्चमध्ये त्या तिकडेच वारल्या. झोपेतच. मुलीचा फोन आला तेव्हा मी साइटवर होते, हेल्मेट घालून, आणि मला बराच वेळ ती काय सांगतेय ते कळेना.

एप्रिलमध्ये ती पुन्हा बोलली. "घर एम्प्टी करायचंय. मला दोनच दिवस लीव्ह मिळतेय यार. तू आधी जाऊन निदान किचन बघून ठेवशील? आईचं सगळं तुला माहीत आहे. माझ्यापेक्षा जास्त."

एका रविवारी सकाळी मी गेले. आधी मूर्ती पुसली. मग किचनमध्ये गेले, सवयीनं दिवा लावला, आणि सिंकखालचं कपाट रिकामं करायला बसले. प्लास्टिकच्या पिशव्या, फिनेल, काकांच्या बुटांचं पॉलिश. सगळ्यात मागे रंगाचा छोटा डबा होता. मी सांगितलेल्याच कंपनीचा, पांढरा, बाहेरच्या भिंतीचा. वर वाळलेला ब्रश, आणि ब्रशच्या दांड्याला सुतळीनं बांधलेलं लांब लाकडी उलथनं.

मी उठले आणि खिडकीचा पडदा सरकवला. भिंत झाल्यापासून मी आले की तो ओढलेलाच असायचा, आणि मी तो कधीच सरकवला नव्हता.

एक फुटावर माझी भिंत होती, करड्या काँक्रीट ब्लॉकची. समोरच्या दर्शनी विटा मी महिनाभर निवडल्या होत्या. ही बाजू कुणाला दिसणार नाही म्हणून इथे साधे ब्लॉक. त्या करड्या भिंतीवर पांढऱ्या रंगाचा एक वेडावाकडा गोल होता. खिडकीची काच वर सरकवून, कट्ट्यावर पोट टेकवून, बाहेर हात काढून पोचेल तिथवर. उजव्या बाजूला तो लांब गेला होता, डावीकडे आखूड. वरच्या कडेला ब्रशचे फटकारे विरळ होत गेले होते, हात भरून आल्यावर होतात तसे. खाली कट्ट्यावर थेंब पडले होते, आणि ते नंतर नीट पुसून काढायचा प्रयत्नही दिसत होता.

पांढरी भिंत वरून आलेला उजेड आत फेकते, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. काकूंना ते कुणी शिकवलं नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या त्या. आणि मला फोन करून फक्त रंगाचं नाव विचारलं.

मी काच वर केली आणि तोच ब्रश घेऊन हात बाहेर काढला. ब्रशचं टोक त्या गोलाच्या वीतभर पलीकडे, कोरड्या करड्या ब्लॉकवर टेकलं. मी तिथे उभी राहून खूप रडले.

मग मी आत येऊन दिवा बंद केला आणि दुसऱ्या खुर्चीत बसले. सात वाजून गेले होते. किचनमध्ये तळहातावरच्या रेषा दिसतील इतका उजेड होता. तेवढा काकूंनी स्वतः आणला होता.